हजेरीची वही

गेल्या महिन्यात आमच्या मंडळीत नवी साउंड सिस्टिम आली. तिला जागा हवी म्हणून तरुण संघाचं कपाट रिकामं केलं आणि आतल्या वह्या रद्दीवाल्याला घातल्या. मला कळेपर्यंत एकच उरली होती, कडा वाळवीनं खाल्लेली. पहिल्या पानावर ‘ख्रिश्चन एन्डेव्हर – हजेरी’. ही हजेरी ज्या पाद्र्यानं सुरू केली, त्याचं नाव आज आमच्यातल्या एकाही तरुणाला ठाऊक नाही.

फ्रान्सिस एडवर्ड क्लार्क. जन्म १८५१, कॅनडातल्या क्वेबेकमधला. लहानपणीच पोरका झाला. पाळक असलेल्या मामानं वाढवला, त्याचंच आडनाव लावलं. शिक्षण डार्टमथ आणि अँडोव्हरला, मग अमेरिकेतल्या पोर्टलंडचं विलिस्टन चर्च. १८८१ च्या जानेवारीत प्रार्थना सप्ताह झाला, बरीच पोरं ‘आम्ही प्रभूचे’ म्हणत पुढं आली. भावना ओसरल्यावर काय, हा प्रश्न प्रत्येक पाळकाला पडतो; क्लार्कनं त्यावर उत्तर शोधलं. २ फेब्रुवारीला त्यानं सगळ्यांना घरी बोलावलं. बायकोनं, हॅरिएटनं, बिस्किटं केली होती. खाणं झालं आणि त्यानं करारनामा पुढं ठेवला: रोज प्रार्थना, रोज बायबल, प्रत्येक सभेला हजेरी, आणि सभेत नुसतं बसायचं नाही, काहीतरी बोलायचं. मुलामुलींना सारखीच अट. खोलीत बराच वेळ शांतता होती म्हणतात. शेवटी सह्या झाल्या. हाच पहिला एन्डेव्हर संघ.

महिन्यातून एकदा समर्पण सभा, तीत नाव पुकारून हजेरी. सलग तीनदा कारण न देता चुकलात, तर सभासदत्व गेलं. कमिट्या पोरांच्या, हिशेब पोरांचा. ही कल्पना वणव्यासारखी पसरली. १८८७ मध्ये क्लार्कनं मंडळी सोडून हेच काम पत्करलं. १८९५ च्या बोस्टन अधिवेशनाला ५० हजारांहून जास्त माणसं जमली. तोवर मेथडिस्टांनी १८८९ मध्ये आणि बाप्टिस्टांनी १८९१ मध्ये आपापल्या वेगळ्या चुली मांडल्याही होत्या. पाटीचा हट्ट आपल्याकडेच असतो असं नाही.

पुढची वर्षं बोटी, आगगाड्या आणि भाषणांची. १९०९ ची जागतिक परिषद आग्र्याला भरली, एवढं पुरे. १९२७ मध्ये क्लार्क गेला.

माझं एन्डेव्हर १९७१ ते १९८१. मी आलो त्याच्या आदल्याच वर्षी नागपुरात चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झालं होतं; आमच्या दारावरची पाटी बदलली, वही तीच राहिली. मी लुकआउट कमिटीत होतो. म्हणजे जो आला नाही, त्याच्या घरी सायकल दामटायची. बाहत्तरच्या दुष्काळात अर्धा संघ खडी फोडायला होता. तिथं जाऊन कारण विचारायची लाज वाटायची, म्हणून आम्हीच घमेली उचलायला लागायचो. साखर कारखान्याच्या सीझनवर गेलेला एक जण पोस्टकार्डावर बायबलमधलं वचन लिहून पाठवायचा. त्याचं नाव पुकारलं, की आमची सेक्रेटरी ते उभी राहून वाचायची. न आलेल्यानं निदान एक वचन पाठवावं, हा मूळचाच नियम. ती सेक्रेटरी सतरा वर्षांची होती. त्या आधी ती चारचौघांत बोलल्याचं कुणाला आठवत नव्हतं.

एन्डेव्हर चळवळीच्या शंभरीच्या वर्षी एका पंचानं ‘पोरांच्या हाती पैसा कशाला?’ म्हणत आमची पेटी ताब्यात घेतली. तीत ६३ रुपये होते. पैशांचं दुःख नव्हतं. पण पेटीमागोमाग कमिट्या गेल्या, मग हजेरी गेली. करार म्हणजे जबरदस्ती, असंही तेव्हा ऐकवण्यात आलं. मला उलट वाटतं: आमच्यावर कुणीतरी विश्वास टाकला होता, म्हणूनच आमच्याकडून हिशेब मागितला जात होता.

आता यूथ मीटिंगला बँड बाहेरून येतो, वक्ता बाहेरून येतो. आमची पोरं खुर्चीत बसून टाळ्या वाजवतात, मोबाइलवर शूटिंग करतात. कुणी आलं नाही तर कुणाला कळतही नाही. बिस्किटं क्लार्कच्या घरीही होती. पण ती खाऊन झाल्यावर काम होतं.

पाळकसाहेब, स्पीकर राहू द्यात. महिन्यातली एक संध्याकाळ तेवढे बंद ठेवा आणि एखाद्या सतरा वर्षांच्या पोरीच्या हाती वही द्या. माझ्याजवळच्या वहीत अजून चाळीस पानं कोरी आहेत.