एका काचेवर बारा मतं

अन्ननलिकेत दुर्बीण घालून चिमट्यानं काढलेला तुकडा जेमतेम दोन-तीन मिलिमीटरचा असतो. तो फॉर्मलिनमध्ये बुडवतात, मेणात घट्ट बसवतात आणि मग मायक्रोटोमच्या पात्यानं त्याचे काप काढतात. किती पातळ? साधारण चार मायक्रॉन. म्हणजे एका मिलिमीटरात अडीचशे काप! काप काचेवर बसला की मध्य अमेरिकेतल्या एका झाडाच्या लाकडातून मिळणारं हिमॅटॉक्सिलिन पेशींची केंद्रकं निळी-जांभळी करतं आणि इओसिन बाकीचं सगळं गुलाबी करतं. या जांभळ्या-गुलाबी नक्षीकडे बघून पॅथॉलॉजिस्ट सांगतो: कर्करोग आहे, नाही, किंवा होऊ घातलाय.

आता हीच काच दुसऱ्या पॅथॉलॉजिस्टला दाखवली तर? तोही तेच सांगेल असं आपण धरून चालतो. इथेच गंमत सुरू होते.

जठरातलं आम्ल वर्षानुवर्षं वर येत राहिलं की काही जणांच्या अन्ननलिकेचं अस्तर चक्क वेश बदलतं. तिथल्या चपट्या पेशी जातात आणि त्यांच्या जागी आतड्यात शोभाव्यात अशा उभट पेशी येतात. याला बॅरेट्स इसोफेगस म्हणतात. नॉर्मन बॅरेट या ब्रिटिश शल्यचिकित्सकानं 1950 साली त्यावर लिहिलं तेव्हा ही अन्ननलिका नसून छातीत वर ओढलं गेलेलं जठरच आहे, असं त्याचं म्हणणं होतं. काही वर्षांनी त्यानं मत बदललं. ज्याचं नाव या विकाराला मिळालं, त्यालाही तो पहिल्या फटक्यात ओळखता आला नव्हता!

या बदललेल्या अस्तरात पुढे कधीतरी कर्करोग उगवू शकतो, पण एका रात्रीत नाही. आधी डिसप्लेसिया येतो, म्हणजे पेशींची शिस्त बिघडते. निरोगी पेशीत केंद्रकं तळाशी ओळीनं बसलेली असतात. लो ग्रेड डिसप्लेसियात ती लांबट आणि गडद होतात, एकमेकांवर चढतात आणि हा गोंधळ पार पृष्ठभागापर्यंत पोचतो. हाय ग्रेडमध्ये ओळ उरतच नाही. केंद्रकं वाटेल तशी तोंडं करून असतात, ग्रंथी एकमेकींना खेटतात. आणि पेशींनी खालचा नाजूक पडदा ओलांडला की तो कर्करोग, अगदी सुरुवातीचा.

मग एवढं सरळ असताना मतभेद कशाला? कारण आम्लानं पोळलेलं अस्तर स्वतःला दुरुस्त करत असतं, आणि दुरुस्तीच्या घाईत असलेल्या भल्या पेशींची केंद्रकंही मोठी आणि गडद दिसतात! जखम भरतेय की रोग सुरू होतोय, हे त्या कापावरून ठरवायचं. शिवाय बदल हळूहळू होतो आणि रिपोर्टात मात्र ठरलेले रकानेच भरायचे असतात. आढीतला आंबा कच्चा, पाडाचा की पिकलेला, हे चार जाणत्यांना विचारून बघा. दोन्ही टोकांना कुणाचं दुमत नसतं. वाद होतो तो मधल्या आंब्यांवर.

ही सहमती मोजतात कशी? नुसती टक्केवारी फसवी असते. दोघांनी डोळे मिटून सगळीकडे 'ठीक आहे' लिहिलं तरी शंभर टक्के एकमत! म्हणून जेकब कोहेन या मानसशास्त्रज्ञानं 1960 मध्ये कॅपा नावाचं माप दिलं. योगायोगानं जुळलेला भाग ते वजा करतं. शून्य म्हणजे निव्वळ नशीब, एक म्हणजे पूर्ण एकमत.

2001 मध्ये पचनसंस्थेच्या बारा पॅथॉलॉजिस्टचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. हाय ग्रेड आणि कर्करोग एकत्र धरले तर त्यांचा कॅपा 0.65. डिसप्लेसिया नाहीच, यावर 0.58. लो ग्रेडवर 0.32. आणि 'नक्की सांगता येत नाही' या रकान्यावर 0.15, म्हणजे नक्की काय सांगता येत नाही यावरही एकमत नाही! त्यांनी तीच काच न सांगता पुन्हा पाहिली, तेव्हा काही वेळा त्यांचं स्वतःशीही जुळलं नाही.

देश बदलला की निदान बदलतं, हेही दिसलं. जपानी पॅथॉलॉजिस्ट पेशींचं रूपच पुरेसं बिघडलं असेल तर कर्करोग म्हणत. पाश्चात्त्य म्हणत, पडदा ओलांडल्याशिवाय नाही. हा वाद चपट्या पेशींच्या कर्करोगातही होता, आणि भारतात अन्ननलिकेचा हाच प्रकार जास्त आढळतो. हा वाद मिटवायला 12 देशांतल्या 31 पॅथॉलॉजिस्टनी मिळून नव्या संज्ञा ठरवल्या, त्याच व्हिएन्ना वर्गीकरण म्हणून 2000 साली प्रसिद्ध झाल्या. अन्ननलिकेच्या 21 नमुन्यांवर जुन्या शब्दांत दोन्ही बाजूंचं 14 टक्के जुळत होतं. नव्या शब्दांत ते 62 टक्क्यांवर गेलं. नमुने तेच होते, डोळे तेच होते!

पण मला सर्वांत थक्क करतो तो नेदरलंड्समधला अभ्यास. स्थानिक रुग्णालयांत लो ग्रेड निदान झालेल्या 147 रुग्णांच्या काचा दोन तज्ज्ञांनी पुन्हा पाहिल्या. 85 टक्के रुग्णांचं निदान त्यांनी खाली आणलं. लो ग्रेड कायम राहिलं ते फक्त 15 टक्क्यांत. मग या सगळ्यांचं पुढे काय झालं? ज्यांचं निदान 'डिसप्लेसिया नाही' इथपर्यंत खाली आलं, त्यांच्यात सुमारे नऊ वर्षांत हाय ग्रेड किंवा कर्करोगाची जोखीम 4.6 टक्के निघाली. ज्यांच्यावर तज्ज्ञांचं एकमत झालं, त्यांच्यात 85 टक्के! हा गट वीस-बावीस जणांचाच, त्यामुळे आकडा जपून घ्यावा. तरीही फरक बघा. रेणूंची कुठलीही महागडी चाचणी नाही. जुनीच काच, फक्त आणखी दोघांनी पाहिलेली, आणि तीत नऊ वर्षांपुढचं दिसलं.

म्हणूनच आता ब्रिटन आणि अमेरिकेतल्या मार्गदर्शक सूचना सांगतात, की बॅरेट्समध्ये डिसप्लेसियाचं निदान पचनसंस्थेच्या दुसऱ्या अनुभवी पॅथॉलॉजिस्टकडून तपासून घ्यावं. तुमच्या किंवा घरातल्या कुणाच्या रिपोर्टवर हा शब्द आला तर घाबरण्याआधी आणि निर्धास्त होण्याआधीही लॅबमधून स्लाईड आणि मेणाचा ब्लॉक मागून घ्या आणि दुसरं मत घ्या. ब्लॉक जपून ठेवलेला असतो, त्यातून नवे काप काढता येतात. त्यासाठी बहुतेक वेळा पुन्हा दुर्बीण घालावी लागत नाही.