मकावच्या तारखा

२४ जूनला गोव्यात सांजांव, म्हणजे संत योहानाचा सण. पावसानं भरलेल्या विहिरी, डोक्यावर पानाफुलांची कोपेलं, सासुरवाडीला आलेला नवा जावई आणि धपाधप उड्या. त्याच संताच्या नावानं त्याच दिवशी चीनच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या मकाव शहराला १९९९ पर्यंत सुट्टी असे. तिथे आठवण काढली जायची ती मात्र एका लढाईची.

पोर्तुगीज मकावात स्थिरावले १५५७ च्या सुमारास. जमीन चीनची, तिचा खंड चीनला भरायचा. कारभार गोव्याच्या व्हाइसरॉयच्या हाताखाली. गोव्याचा हा अंमल १८४४ पर्यंत टिकला. गोव्याहून मान्सूनच्या वाऱ्यावर निघालेलं जहाज मलाक्कामार्गे मकावला यायचं, तिथे चिनी रेशीम भरून नागासाकीला जायचं आणि जपानी चांदी घेऊन परतायचं. मिंग बादशाहीनं जपानशी थेट व्यापार बंद केला होता. मधल्या दलालीवर मकाव गब्बर झालं. साहजिकच डचांचा डोळा त्यावर होता.

१६२२ च्या जूनमध्ये कॉर्नेलिस रायर्सन आरमार घेऊन मकावपुढे उभा राहिला. मुहूर्त अचूक होता. रेशमाच्या खरेदीसाठी गावातले बरेच कर्ते पुरुष कॅन्टनला गेले होते आणि मोंतेचा किल्ला अजून अर्धाच बांधून झाला होता. २४ तारखेला सकाळी सुमारे ८०० शिपाई कासिल्यासच्या किनाऱ्यावर उतरले. उतरतानाच रायर्सनला गोळी लागली, तरी फौज शिस्तीत गावाकडे चालून आली. तेवढ्यात मोंतेवरून जेझुइट पाद्र्यांनी डागलेला तोफगोळा नेमका डचांच्या दारूच्या पिंपावर पडला. स्फोटानं फळी विस्कटली, आणि मग पोर्तुगीज, त्यांची मिश्र वंशाची प्रजा व आफ्रिकन गुलाम टेकडीवरून त्यांच्यावर तुटून पडले. डचांचे किमान ३०० मेले. कित्येक तर होड्यांकडे पळताना बुडून.

तो गोळा जाकोमो रो या इटालियन पाद्र्यानं डागला असं परंपरा सांगते. हा रो मुळात गणिती. पुढे तो बीजिंगला गेला आणि आडाम शाल या दुसऱ्या जेझुइटाबरोबर चीनचं पंचांग सुधारायच्या कामी लागला. एका शहराच्या दिनदर्शिकेत सण घालणारा माणूस पुढे साम्राज्याची कालगणना दुरुस्त करतो, हे कादंबरीत वाचलं असतं तर ओढूनताणून आणलेलं वाटलं असतं.

श्रेय मिळालं संत योहानाला. तो शहराचा रक्षक झाला, २४ जून हा शहराचा दिवस. पण त्या दिवशीची खरी मर्दुमकी गुलामांची होती, आणि तेव्हाच्या लोकांना ते पुरतं ठाऊक होतं: कित्येक मालकांनी आपल्या गुलामांना रणांगणावरच मुक्त केलं, तर कॅन्टनच्या चिनी अधिकाऱ्यानं त्यांच्यासाठी तांदूळ धाडला. हातात परशूचा भाला घेऊन लढलेल्या एका कृष्णवर्णी बाईचा उल्लेखही वृत्तांतांत येतो. नाव कुणी लिहून ठेवलं नाही. सण साजरा होत राहिला तो संताचा.

लढाईनंतर गोव्याहून दोन गोष्टी आल्या. १६२३ मध्ये फ्रान्सिस्कु माश्करेन्यश हा कायमचा गव्हर्नर, ज्याच्याशी गावच्या व्यापारी मंडळींचं लगेच फाटलं. आणि मानुएल तावारिश बोकारो हा तोफा ओतणारा कारागीर, ज्याच्या बापाचा ओतकारखाना गोव्यातच होता. मकावच्या बोकारोच्या तोफा पुढे आशियाभर नावाजल्या.

काही तारखांना मात्र सण लाभला नाही. १६३९ मध्ये जपाननं पोर्तुगीजांना दार बंद केलं. पुढच्या वर्षी मकावच्या सेनेटनं विनवणी करायला वकील पाठवले. माल नाही, फक्त अर्ज. ३ ऑगस्ट १६४० ला नागासाकीत त्यांच्यापैकी ६१ जणांचा शिरच्छेद झाला. १३ जणांना जिवंत सोडलं ते निरोप पोचवण्यापुरतं. माझ्या मते मकावचं सोन्याचं युग संपलं ते त्या दिवशी; पण आपली पेठ बुडाल्याचा दिवस कोणतं शहर पाळतं?

एकोणिसाव्या शतकातली तारीख वेगळ्या जातीची. अफूच्या युद्धात चीन नमलेला पाहून गव्हर्नर फेरैरा दु आमाराल यानं चिनी जकात कचेरी बंद केली, चिनी रहिवाशांवर कर बसवले आणि थडगी उकरून रस्ते काढले. २२ ऑगस्ट १८४९ ला चिनी तरुणांनी त्याला गाठून मारलं. तीनच दिवसांनी निकोलाउ द मेस्किता या मकावातच जन्मलेल्या अधिकाऱ्यानं मूठभर शिपायांनिशी सीमेपलीकडची पासालेयांवची चिनी गढी घेतली. दोघांचे पुतळे १९४० मध्ये उभे राहिले. एकाची तारीख चिन्यांच्या लेखी सूडाची, दुसऱ्याची पोर्तुगीजांच्या लेखी पराक्रमाची. ३ डिसेंबर १९६६ च्या दंगलीत जमावानं मेस्किताचा पुतळा ओढून पाडला. जानेवारी १९६७ मध्ये गव्हर्नरला चिनी व्यापारी संघाच्या कचेरीत जाऊन माफीनाम्यावर सही करावी लागली. तिथून पुढे पोर्तुगीज राज्य नावापुरतं. आमारालचा पुतळा १९९२ मध्ये उतरवून लिस्बनला रवाना झाला.

१९९९ मध्ये मकाव चीनकडे गेल्यावर सुट्ट्यांच्या यादीतून २४ जून गेला, २० डिसेंबर आला. लढाईची ४०० वर्षं भरली २०२२ मध्ये, आणि नेमक्या त्याच आठवड्यात शहरात करोनाची लाट उसळली होती.

या तारखांतली एक गोव्याशी अशी जुळते की योगायोग म्हणूनही नवल वाटावं. १९ डिसेंबर १९६१ ला संध्याकाळी गोव्याचा पोर्तुगीज गव्हर्नर जनरल व्हासालु इ सिल्व्हानं भारतापुढे शरणागती पत्करली. शेवटच्या माणसापर्यंत लढायचा पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार याचा हुकूम त्यानं मानला नाही. बरोबर ३८ वर्षांनी, १९ डिसेंबर १९९९ ला, मकावचा शेवटचा गव्हर्नर व्हाश्कु रोशा व्हिएरा उतरवलेल्या झेंड्याची घडी छातीशी धरून उभा होता. मध्यरात्री शहर चीनचं झालं. गोव्यात भारताला सैन्य घालावं लागलं. मकावचा निरोप १९८७ च्या करारात तारखेसह लिहिलेला होता. लिस्बनमध्ये १९७४ ची क्रांती झाली आणि त्याच वर्षीच्या ३१ डिसेंबरला नव्या सरकारनं गोव्यावरचं भारताचं सार्वभौमत्व करारानं मान्य केलं. मकावही परत द्यायची त्या सरकारची तयारी होती. घाई चीनलाच नव्हती.