कॉफी कागदातून गाळा

आपल्या घरांतून कॉफी म्हणजे बहुधा दुधात पावडर टाकून आणलेली उकळी, वर साखर आणि चिमूटभर जायफळ. चवीला ती छानच लागते. पण ज्यांचे कोलेस्टेरॉल वाढले आहे, त्यांनी कॉफी कशी गाळली जाते याकडे लक्ष द्यावे.

कॉफीच्या बियांत तेलकट अंश असतो. त्यातले कॅफेस्टॉल नावाचे द्रव्य रक्तातले वाईट कोलेस्टेरॉल वाढवते. कॉफी उकळली किंवा धातूच्या जाळीतून गाळली, की ते कपात उतरते. कागदातून गाळली, तर बहुतेक सगळे कागदातच अडकते. झटपट विरघळणाऱ्या कॉफीत ते फारच थोडे असते.

ही कागदाची युक्ती एका गृहिणीची. जर्मनीतल्या ड्रेस्डेन शहरात राहणाऱ्या मेलिटा बेंट्झ बाईंना कपातला गाळ आणि कडवटपणा आवडेना. त्यांनी पितळेच्या भांड्याला खिळ्याने भोके पाडली, मुलाच्या वहीतला टीपकागद आत घातला आणि वरून गरम पाणी ओतले. १९०८ साली त्यांनी या गाळणीची रीतसर सरकारी नोंदणीही केली. बाईंना हवी होती चव. हृदयाचा फायदा डॉक्टरांना पुष्कळ पुढे कळला.

कृती अशी. चिकोरी नसलेली, बारीक रव्यासारखी दळलेली पावडर घ्या. १५० मिलिलिटर पाण्याला आठ-नऊ ग्रॅम, म्हणजे दोन सपाट मोठे चमचे पुरतात. गाळणीत कागद बसवून गरम पाण्याने ओला करा व ते पाणी टाकून द्या; कागदाचा वास जातो. पाण्याला उकळी आली की अर्धा मिनिट थांबा. पावडर भिजेल एवढेच पाणी घालून ती अर्धा मिनिट फुगू द्या. मग उरलेले पाणी बारीक धारेने, तीनेक मिनिटांत ओता. हात थरथरत असेल तर किटली अर्धीच भरा आणि कप ओट्यावर ठेवा, हातात धरू नका.

अशी कॉफी दुधाशिवायही गोड लागते, म्हणून मटणाच्या जेवणानंतर आपल्याला सोयीची.

दिवसाला दोन-तीन कप पुरेत. शेवटचा कप दुपारीच घ्या, कारण अंगातले निम्मे कॅफीन जायला सुमारे पाच तास लागतात. झोप लागत नसेल तर कॅफीन काढलेली कॉफी मिळते. तीही जर्मनीचीच देणगी, ब्रेमेनच्या लुडविग रोझेलियस यांची. थायरॉइडची गोळी घेतल्यावर तासभर कॉफी नको. लोहाची गोळीही कॉफीबरोबर घेऊ नये.

आता महत्त्वाचे. योम किप्पूरला, आपल्या दारफाळणीच्या सणाला, दुपारी डोके ठणकते, मळमळते, आणि माणसे म्हणतात, "आता उपास झेपत नाही." वॉर्डात ऑपरेशनसाठी उपाशी ठेवलेल्या पेशंटांचेही असेच डोके दुखताना मी पाहिले आहे. पुष्कळदा कारण भूक नसते, रोजची कॉफी किंवा चहा अचानक तुटलेला असतो. म्हणून सणाआधी आठवडाभर रोज थोडी थोडी कमी करत आणा. आदल्या दिवशी अर्ध्या कपावर या आणि पाणी भरपूर प्या.

मधुमेह, हृदयविकार किंवा मूत्रपिंडाचा आजार असणाऱ्यांनी मात्र उपास धरण्याआधी डॉक्टरांना विचारावे. जीव राखणे हीसुद्धा आपल्या धर्माचीच आज्ञा आहे.