यंदाची सहल कासवांच्या वेळापत्रकाने!

बालमित्रांनो, सहल ठरवायची म्हटली की आपण पहिल्यांदा काय बघतो? कॅलेंडरवरचे लाल आकडे! बाबांची रजा, ताईची परीक्षा, सगळं जुळलं की निघायचं. पण रानात आणि समुद्रात राहणाऱ्या मंडळींना रविवार ठाऊक नसतो. त्यांना भेटायचं तर त्यांच्या सवडीने जायला हवं. चला, पुण्याहून ताम्हिणी घाटाने रत्नागिरी जिल्ह्यातल्या वेळासपर्यंत अशाच एका दोन दिवसांच्या सहलीचा बेत करू. अंतर सुमारे २०० किलोमीटर.

कधी जायचं?

मंडणगड तालुक्यातलं वेळास हे नाना फडणिसांचं मूळ गाव. आज मात्र ते ऑलिव्ह रिडले कासवांसाठी ओळखलं जातं. साधारण नोव्हेंबर ते मार्चमध्ये मादी रात्री किनाऱ्यावर येते, वाळूत खड्डा करून शंभराच्या आसपास अंडी घालते, खड्डा बुजवते आणि समुद्रात निघून जाते. पिल्लं बाहेर यायला ४५ ते ६० दिवस लागतात.

आता एक गणित सोडवा. ३१ जानेवारीला घातलेल्या अंड्यांतून पिल्लं कधी येतील? उत्तर : १७ मार्च ते १ एप्रिलच्या दरम्यान (लीप वर्षात एक दिवस आधी). वाळू उबदार असली तर लवकर, थंड असली तर उशिरा. गंमत म्हणजे पिल्लू नर होणार की मादी, हेही वाळूच्या उबेवरच ठरतं. जास्त ऊब असली तर माद्या अधिक! म्हणून नेमका दिवस कुणीच सांगू शकत नाही. निघण्याआधी गावात फोन करून घरट्यांची चौकशी करायची, मगच तारीख ठरवायची.

वाटेत काय बघायचं?

पौड, मुळशी ओलांडून पहाटेच ताम्हिणी गाठा. २०१३ पासून हे जंगल अभयारण्य आहे. गाडी थांबवून पाच मिनिटं गप्प उभं राहायचं आणि किती पक्ष्यांचे आवाज येतात ते मोजायचं.

पुढे माणगाव आणि मग म्हसळा. या तालुक्यातल्या चिरगावच्या झाडांवर पांढऱ्या पाठीची गिधाडं घरटी करतात. गुरांना दिलं जाणारं डायक्लोफिनॅक हे औषध मेलेल्या जनावरांतून गिधाडांच्या पोटात गेलं आणि देशभर गिधाडं झपाट्याने नाहीशी झाली. २००६ मध्ये जनावरांसाठी त्या औषधावर बंदी आली. महाडच्या ‘सीस्केप’ संस्थेने आणि गावकऱ्यांनी इथली गिधाडं जपली. गिधाडाची मादी वर्षाला एकच अंडं घालते, म्हणून घरट्याच्या झाडाखाली मुळीच जायचं नाही. दुर्बिणीतून लांबूनच बघायचं.

नंतर बागमांडल्याला गाडी फेरीबोटीत चढवायची. बाणकोटची खाडी ओलांडली की वेसवी आणि तिथून वेळास.

ओहोटीला खाडीचा चिखल उघडा पडतो आणि किडे-शिंपले टिपायला पक्षी जमतात. ओहोटीची वेळ काढायची कोकणी युक्ती सांगू? तिथीची पाऊणपट करा. चतुर्थी असेल तर चारची पाऊणपट तीन, म्हणजे तीनच्या सुमारास भरती आणि सहा तासांनी, नऊला ओहोटी. पौर्णिमेनंतर पुन्हा एकपासून मोजायचं. हा ढोबळ हिशेब आहे बरं का! पाण्यात उतरायचं असेल तर गावकऱ्यांनाच विचारा.

किनाऱ्यावर कसं वागायचं?

पूर्वी कासवांची अंडी माणसंच काढून नेत, उरलेली कोल्ही-कुत्री उकरत. २००२ पासून चिपळूणच्या ‘सह्याद्री निसर्ग मित्र’ने गावकऱ्यांच्या साथीने संरक्षण सुरू केलं. गावातले कासवमित्र पहाटे किनारा पालथा घालतात, अंडी कुंपणाच्या आत तशाच खड्ड्यात ठेवतात. पिल्लं बाहेर आली की सकाळी आणि संध्याकाळी त्यांना वाळूवर सोडतात. मग ती आपापली समुद्राकडे चालू लागतात.

पिल्लं उजेडाच्या दिशेने जातात. आपण टॉर्च किंवा मोबाइलचा फ्लॅश लावला तर ती समुद्राऐवजी आपल्याकडे वळतात आणि दमून मरूही शकतात. हजारांत एखादंच पिल्लू मोठं होतं असं मानतात. त्यात आपली भर कशाला? म्हणून दोरीच्या अलीकडे उभं राहायचं, पिल्लाला हात लावायचा नाही, ‘बिचारं दमलं’ म्हणून उचलून पाण्यातही सोडायचं नाही.

पालकांसाठी दोन शब्द

वेळासला गावातल्या घरांतच उतरा आणि घरचंच जेवण जेवा. पाहुण्यांमुळे चार पैसे मिळतात, तेव्हा कासव राखणं गावालाही परवडतं. खोली आधी ठरवून जा. आणि मुलांना आधीच सांगा, कदाचित एकही पिल्लू दिसणार नाही. तसं झालं तर संध्याकाळ हुकली म्हणून लगेच परतू नका, सकाळपर्यंत थांबा.

या कासवांचा प्रवास किती लांबचा असतो बघा. २०२१ मध्ये ओडिशाच्या किनाऱ्यावर पट्टी लावलेली एक मादी जानेवारी २०२५ मध्ये गुहागरला अंडी घालताना सापडली. भारताच्या एका किनाऱ्यावरून दुसऱ्या किनाऱ्यावर! तुम्ही बघितलेलं पिल्लूही असंच कुठे कुठे जाईल. तेव्हा वहीत तारीख, तिथी, वेळ आणि पिल्लांची संख्या नक्की लिहून ठेवा. आणि एकही दिसलं नाही, तर तिथे ‘शून्य’ लिहा. तीही नोंदच असते.