उचलीच्या महिन्यात

वाशीच्या मसाला मार्केटमध्ये साखरेचा सौदा करायला ‘एस-३०’ आणि ‘एम-३०’ एवढी दोन नावं पुरतात. एस म्हणजे बारीक दाणा, एम म्हणजे त्याहून जाड. माथाडी पन्नास किलोचं पोतं पाठीवर घेऊन जातो, तेव्हा त्यावर कारखान्याचं नाव आणि हंगामाचं वर्ष दिसतं. ऊस कुणी तोडला, हे पोत्यावर कुठेच नसतं. तुर्भ्यातल्या एका खाद्यपदार्थांच्या कंपनीत मी खरेदी बघते. पोत्यावरच्या त्या छापील नावावरून फडापर्यंत पोहोचणं, हा गेली दोन वर्षं माझ्या कामाचा भाग आहे.

मार्च २०२४मध्ये न्यूयॉर्क टाइम्सने महाराष्ट्रातल्या ऊसतोड बायकांची अवस्था जगापुढे मांडली. आपल्याला ती आधीच ठाऊक होती. २०१९ साली नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीसमोर बीड जिल्ह्याचे आकडे आले होते: ८२,३०९ ऊसतोड महिलांपैकी १३,८६१ जणींची गर्भाशयं काढलेली. आमच्या बैठकीत लगेच सूर निघाला, “असल्या कारखान्यांची साखर बंद करा.” चीड खरी होती, माझीही होती. पण आम्ही नाकारलेली पोती संध्याकाळच्या आत दुसऱ्या कुणाच्या टेम्पोत चढतात, हे त्या बाजारात रोज जाणाऱ्याला सांगावं लागत नाही.

नुसत्या बहिष्काराने काय होतं, ते बांगलादेशात घडून गेलंय. १९९३च्या सुमाराला अमेरिकेत बालमजुरांच्या हातचा माल रोखणाऱ्या हार्किन विधेयकाची नुसती चर्चा झाली, तर तिथल्या कपडा कारखान्यांनी हजारो मुलांना काढून टाकलं. युनिसेफने माग काढला, तेव्हा त्यातली काही खडी फोडताना सापडली, काही त्याहून वाईट कामात. शाळा आणि विद्यावेतन आलं ते १९९५मध्ये, कारखानदार कराराला बसल्यावर.

म्हणून पुढच्या जानेवारीत मी आम्हाला साखर देणाऱ्या एका कारखान्याच्या फडावर गेले. पहाटे चार वाजता मजुरांच्या कोप्यांपुढे चुली पेटल्या होत्या. उजाडायच्या आत टोळी उसात शिरली. पुरुष बुडख्याशी कोयता घालतात, बायका पाचट सोलतात, मोळ्या बांधतात, आणि गाडी आली की मोळी डोक्यावर घेऊन अरुंद फळीवरून वर चढतात. हिशेबात नवरा-बायको मिळून ‘एक कोयता’. जानेवारी २०२४च्या करारात तोडणीचा दर ३४ टक्के वाढून टनाला ३६६ रुपयांच्या आसपास गेला, पण तो कोयत्याला मिळतो, बाईला वेगळा नाही. तिच्या नावाचा कागदच नाही. एक दिवस अंग दुखतंय म्हणून कोपीत राहिली की खाडा पडतो, आणि खाड्याचे पैसे उचलीवर, म्हणजे हंगामाआधी मुकादमाकडून घेतलेल्या आगाऊ रकमेवर, चढतात.

मी तिथे का आलेय, ते एका बाईला सांगितलं. तिचा हात थांबला नाही. “साखर नका घेऊ म्हनता, मग आमची उचल कोन फेडंल ताई? पानी तेवढं जवळ आना.” पाणी पाऊण मैलावर होतं.

दुपारी कारखान्याच्या शेतकी अधिकाऱ्यांसमोर बसले. “मॅडम, मजूर आमचे नाहीत. आमचा करार वाहतूकदाराशी, त्याचा मुकादमाशी.” हे उत्तर मला अपेक्षितच होतं. मी वाहतूकदारांना दिलेल्या अग्रिमाचं रजिस्टर बघायला मागितलं. ते निघालं, कारण पैसे कारखान्याच्या बँकेतूनच जातात. ज्या वाटेने उचल फडापर्यंत पोहोचते, त्याच वाटेने अटी पोहोचवता येतात, एवढंच मला त्यांना दाखवायचं होतं.

आम्ही तीन गोष्टी मागितल्या. कोप्यांवर रोज टँकर, आजारपणाच्या आणि पाळीच्या दिवसांचा खाडा माफ, उचलीच्या पावतीवर नवरा-बायको दोघांची नावं. त्यांनी विचारलं, तुम्ही काय देणार? प्रश्न रास्त होता. भावात घासाघीस करून शेवटचा रुपया काढायचा आणि मग टँकर मागायचा, हे मला पटत नाही. आम्ही पुढच्या हंगामाची खरेदी लेखी दिली आणि क्विंटलमागे थोडा जास्त भाव कबूल केला. आमच्या हिशेब खात्याला ते पटवायला मला कारखान्यापेक्षा जास्त वेळ लागला.

बोलत राहण्यालाही हद्द आहे. टोळीला कोंडून ठेवलं असेल किंवा पोराच्या हातात कोयता असेल, तर तिथे चर्चा करत बसायचं नाही, सरळ तक्रार करायची, हे आम्ही करारातच लिहिलं.

दुसऱ्या हंगामात टँकर आला. नंतर ठरलेली फिरती शौचालयंही आली, पण रस्त्याकडेला, फडापासून इतकी लांब की बायका तिकडे फिरकल्याच नाहीत. आम्ही जागा ठरवताना त्यांना विचारलंच नव्हतं. खाडा दोन मुकादमांनी सोडला, तिसऱ्याने वहीतून काढला आणि तोंडी चालू ठेवला. मी गेले होते त्या अकरा कोयत्यांच्या टोळीत चार पावत्यांवर बायकांची नावं आली.

बाकीच्या सात का राहिल्या, याचं कारण अधिकाऱ्यांनी सांगितलं: आमचं पत्र दिवाळीनंतर पोहोचलं, आणि उचल पावसाळ्यातच वाटून झाली होती. दसऱ्यानंतर टोळी गाव सोडते, तेव्हा कागद पक्के झालेले असतात. म्हणून यंदा आषाढातच, वाशीच्या गाळ्यांपुढे पाणी साचलेलं असताना, मी पावतीचा नवा नमुना घेऊन कारखान्याकडे निघालेय. त्यात बाईच्या सहीची जागा आहे, आणि तिच्या खात्याचा नंबर लिहायला रकाना.