उभी राहिलेली परदेशी मोटार पुन्हा रस्त्यावर आणताना

वीस वर्षांहून जुन्या वाहनांच्या नोंदणी-नूतनीकरणाचे शुल्क केंद्र सरकारने ऑगस्ट २०२५ मध्ये वाढविले. साध्या हलक्या मोटारीसाठी ते आता १०,००० रुपये आहे. आयात केलेल्या चारचाकीसाठी मात्र ८०,००० रुपये मोजावे लागतात. पंधरा ते वीस वर्षे वयाच्या गाड्यांना १ एप्रिल २०२२ पासून लागू झालेले दर आहेत : साध्या मोटारीला ५,००० आणि आयात मोटारीला ४०,०००. जुन्या गाड्यांच्या जाहिरातींत एखादी ऐटदार परदेशी कौटुंबिक मोटार नव्या दुचाकीच्या आसपासच्या किमतीत दिसते, तेव्हा त्या किमतीचे अर्धे स्पष्टीकरण या आकड्यांत असते. उरलेले अर्धे ती गाडी कुठे आणि किती काळ उभी होती यात असते.

अशा गाड्या गोव्यातल्या गोव्यात मिळतातच असे नाही. नागपूरच्या उत्तरेस, महाराष्ट्राची सीमा ओलांडताच लागणारी पांढुर्णा आणि सौंसर ही दोन गावे या दृष्टीने पाहण्याजोगी आहेत. ऑक्टोबर २०२३ मध्ये छिंदवाडा जिल्ह्यातून हे दोन्ही तालुके वेगळे काढून पांढुर्णा हा नवा जिल्हा करण्यात आला. राज्य मध्य प्रदेश. पण घरातली भाषा मराठी, पोळा मराठी, आणि पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या पात्रात पांढुर्णा व सावरगाव यांच्यात होणारी गोटमार तर सर्वपरिचितच. संत्र्याचा हा पट्टा. इथल्या घरांचे दवाखाने, बाजार आणि नोकऱ्या नागपूरशी जोडलेल्या आहेत. संत्र्याच्या चांगल्या हंगामात हौसेने घेतलेली मोठी गाडी, पुढे मुले पुण्याला वा नागपूरला गेली की, गोदामाच्या छपराखाली वर्षानुवर्षे उभी राहू शकते. समजा, अशी एक गाडी सौंसरहून गोव्यात आणायची आहे, किंवा तिथल्याच नातेवाइकांना ती पुन्हा चालती करायची आहे. काय काय पाहावे लागेल?

प्रथम ‘परदेशी’ या शब्दाचा उलगडा करून घ्यावा. परदेशी नावाची प्रत्येक मोटार आयात नसते. स्कोडाची ऑक्टाव्हिया सुटे भाग आणून औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, जुळविली जात असे. याउलट २००३ साली भारतात आलेली होंडा सीआर-व्ही किंवा मारुतीने २००७ पासून विकलेली जुनी ग्रँड विटारा या गाड्या परदेशात पूर्ण तयार होऊन बोटीने आल्या. (आजची ग्रँड विटारा निराळी, नाव तेवढे तेच.) वापरलेली मोटार थेट परदेशातून आणणे हा प्रकार आपल्याकडे दुर्मीळ आहे, कारण ती तीन वर्षांहून जुनी नसावी, उजव्या हाताच्या चाकाची असावी आणि मुंबई बंदरातूनच यावी, अशा अटी आहेत, शिवाय जबर सीमाशुल्क. पोर्तुगीज अमदानीत गोव्यात परदेशी मोटारी सहज येत आणि मर्सिडीजच्या टॅक्सी रस्त्यावर धावत, हे जुन्या पिढीला आठवत असेल. उर्वरित भारताचा अनुभव तसा नव्हता. तेव्हा ८०,०००चा प्रश्न आपल्याला लागू होतो की नाही, हे नोंदणी प्रमाणपत्रावर गाडीची नोंद ‘आयात’ म्हणून आहे की नाही यावरून ठरेल. सौदा करण्यापूर्वी तो कागद पाहावा; विक्रेत्याच्या तोंडी शब्दावर जाऊ नये.

आता गाडीकडे. सौंसर-पांढुर्ण्याच्या हवेचा एक मोठा फायदा आहे. समुद्र शेकडो किलोमीटर दूर असल्याने खाली पत्र्याला मिठाचा गंज नसतो. गोव्यातील किनाऱ्यालगतची पंधरा वर्षांची मोटार जॅकवर चढवून पाहिली तर दरवाज्याखालच्या पट्ट्या, चाकांच्या कमानी आणि सायलेन्सरचे सांधे पोखरलेले आढळतात. विदर्भाच्या बाजूची त्याच वयाची गाडी खालून बहुधा कोरडी असते. तिचे नुकसान वरून होते. मे महिन्यात पंचेचाळीस अंशांवर जाणाऱ्या उन्हाने डॅशबोर्डला तडे जातात, दरवाज्यांची रबरे कडक होऊन चुरतात, छतावरचा रंग पापुद्र्यासारखा सुटतो आणि हेडलाइटच्या काचा, ज्या वस्तुतः प्लास्टिकच्या असतात, पिवळ्या पडतात. ही काच आठशे ते दोन हजार नंबरच्या पाणकागदाने टप्प्याटप्प्याने घासून, पॉलिश करून पुन्हा स्वच्छ होते. मात्र वरून अतिनील किरण रोखणारा थर दिला नाही, तर ती काही महिन्यांत पुन्हा पिवळी. पुष्कळ ठिकाणी हा शेवटचा थर वगळला जातो.

दीर्घकाळ उभ्या गाडीच्या बाबतीत सर्वांत मोठी चूक पहिल्याच दिवशी होते : दुसऱ्या गाडीची बॅटरी जोडून सेल्फ मारला जातो. इंजिन सुरू झाले की सगळे आनंदतात. पण वर्षभर उभ्या इंजिनाच्या भिंतींवरचे तेल खाली उतरलेले असते, टाकीतले पेट्रोल नासलेले असते आणि एअर फिल्टरच्या डब्यात उंदरांचे घरटे असू शकते. म्हणून आधी बोनेट उघडून नुसते पाहावे. कुरतडलेली वायर दिसली तर बॅटरी जोडूच नये. आग लागू शकते. उंदरांची घाण कोरडी झाडू नये. ब्लीचच्या पाण्याने भिजवून, हातमोजे व मास्क घालून ती उचलावी. लेप्टोस्पायरोसिसचा अनुभव असलेल्या गोव्याला याचे कारण वेगळे सांगायला नको.

पेट्रोल काढून टाकणे हे काम कंटाळवाणे, पण टाळण्याजोगे नाही. आता पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. इथेनॉल हवेतले पाणी ओढून घेते. पाणी पुरेसे जमले की ते मिश्रण पेट्रोलपासून सुटे होऊन टाकीच्या तळाशी बसते आणि पंप नेमका तिथूनच उपसतो. वीस वर्षांपूर्वीच्या गाडीच्या इंधननळ्या या मिश्रणासाठी घडविलेल्या नव्हत्या, म्हणून रबरी नळ्या बदलून घेणे शहाणपणाचे. त्यानंतर इंजिन ऑइल व फिल्टर बदलावा, स्पार्क प्लग काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये चमचाभर तेल सोडावे आणि इंजिन हाताने, पान्याने, दोन-चार फेरे फिरवावे. ते अडले तर तिथेच थांबावे. मोकळे फिरले तर पेट्रोल पंपाचा फ्यूज काढून ठेवून सेल्फ थोडा थोडा मारावा, ऑइलचा दिवा विझेपर्यंत. मगच प्लग व फ्यूज बसवून इंजिन खरोखर सुरू करावे. चांगला मेस्त्री हे सगळे करतो. घाईतला मेस्त्री हसतो.

सीआर-व्हीच्या इंजिनात टायमिंगला साखळी आहे, ती सहसा दगा देत नाही. ऑक्टाव्हियाच्या डिझेल इंजिनात मात्र रबरी पट्टा आहे. मीटरवर किलोमीटर कितीही कमी दिसोत, पट्टा वयानेही संपतो आणि तुटला तर व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळून इंजिनाचे वरचे सारे काम निघते. तो आधी बदलावा, मग चाचणी घ्यावी.

ब्रेकचे ऑइलही इथेनॉलप्रमाणेच हवेतले पाणी शोषते. डॉट-४ प्रतीच्या नव्या तेलाचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश असतो; पाणी शोषलेल्या तेलासाठी हीच मर्यादा १५५ अंशांवर उतरते. सपाट रस्त्यावर हा फरक कळत नाही. छिंदवाड्याहून सौंसरकडे येताना सिल्लेवानी घाट उतरताना, किंवा चोर्ला व अनमोडचे घाट उतरून गोव्यात येताना, सतत दाबलेल्या ब्रेकमधले तेल उकळते, वाफेचे बुडबुडे धरतात आणि पेडल तळाला जाते. म्हणून तेल पूर्ण बदलणे, चारही कॅलिपर उघडून सील पाहणे आणि जाम झालेला हँडब्रेक सोडविणे ही कामे रंगकामाच्या आधीची. टायरच्या कडेवर चार आकडे असतात : २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. नक्षी कितीही खोल असो, दहा वर्षांचा टायर टाकून द्यावा. उभ्या गाडीचे टायर एका बाजूला चपटे होतात ते वेगळेच.

एक बारीक गोष्ट सीआर-व्हीपुरती. चारही चाकांना जोर देणाऱ्या तिच्या मागच्या डिफरन्शियलमध्ये दुहेरी पंपाची रचना आहे आणि तिला होंडाचे विशिष्ट तेलच लागते. साधे गिअर ऑइल ओतले, की वळणावर मागून घरघर सुरू होते. मग डिफरन्शियल गेले असे सांगून खर्चाचा मोठा आकडा समोर येतो. पुष्कळदा योग्य तेल घालून, बदलून, पुन्हा घालून आवाज थांबतो. सुट्या भागांसाठी हताश होण्याचे कारण नाही : दिल्लीचे काश्मिरी गेट आणि मुंबईत कुर्ल्याचा सीएसटी रोड येथे जुन्या-नव्या भागांचे बाजार आहेत आणि २.४ लिटरच्या सीआर-व्हीचे इंजिन त्या काळच्या अ‍ॅकॉर्डच्या कुळातले असल्याने काही भाग चालून जातात.

आतली साफसफाई वरवर केली तर महिन्याभरात वास परत येतो. पुढच्या काचेखालच्या जाळीत कडुनिंबाचा वा चिंचेचा पाला साठून पाण्याची वाट बुजते आणि पावसाळ्यात ते पाणी थेट पायाखाली उतरते. सौंसरमध्ये चार महिन्यांनी ते वाळते. गोव्यात वाळणारच नाही. आसने काढून, गालिचा उचलून, त्याखालचा जाड फोम उन्हात घालावा, जाळीतला पाला हाताने काढावा, एसीची पाणी जाण्याची नळी मोकळी करावी. याच वेळी सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून पाहावा. तळाशी चिखलाची रेघ असेल तर गाडी पुरात बुडालेली आहे. अशी गाडी कितीही स्वस्त असली तरी घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

मात्र ज्यावर कोणीच बोलत नाही ती गोष्ट एअरबॅगची. ताकाता या जपानी कंपनीच्या एअरबॅगमध्ये फुगविण्यासाठी अमोनियम नायट्रेट वापरलेले होते. वर्षानुवर्षे उष्णता आणि दमटपणा सोसून ते बिघडते. मग अपघातात पिशवी फुगताना धातूचे आवरणच फुटते आणि त्याचे तुकडे चालकाच्या गळ्याछातीत शिरतात. जगभर यात माणसे मेली. कोट्यवधी गाड्या परत बोलावण्यात आल्या. २०१७ मध्ये कंपनी दिवाळखोरीत गेली. होंडाने भारतात परत बोलावलेल्या गाड्यांत सीआर-व्हीही होती. आता या गाडीचा प्रवास पाहा : वीस उन्हाळे सौंसरच्या तापात आणि पुढची वर्षे गोव्याच्या दमट हवेत. ज्या दोन गोष्टींनी हे रसायन बिघडते, त्या दोन्ही तिच्या वाट्याला येणार. गाडीचा चेसिस क्रमांक कंपनीच्या संकेतस्थळावर टाकून किंवा अधिकृत सेवाकेंद्रात देऊन काम झाले आहे की नाही हे कळते आणि बाकी असल्यास एअरबॅगचा तो भाग विनामूल्य बदलून मिळतो. शिवाय चावी फिरवताच एअरबॅगचा दिवा लागून काही सेकंदांत विझला पाहिजे. मुळीच लागत नसेल, तर दोष लपविण्यासाठी कोणी तो तोडून ठेवला असण्याचा संभव आहे.

कागदांचा गुंता सीमेवर जरा जास्तच. पांढुर्ण्याच्या दारात उभी गाडी एमपी-२८ क्रमांकाची, म्हणजे छिंदवाड्याला नोंदलेली, असेल असे नाही. नागपुरात घेतलेली गाडी एमएच-३१, ४० किंवा ४९ क्रमांकावरच वर्षानुवर्षे तिकडे चालविलेली असू शकते, वस्तुतः बारा महिन्यांहून अधिक काळ दुसऱ्या राज्यात ठेवल्यास तिथला क्रमांक घेणे मोटार वाहन कायद्याच्या कलम ४७ नुसार बंधनकारक असतानाही. अशा वेळी ना-हरकत प्रमाणपत्र, म्हणजे नमुना २८, नागपूरच्या परिवहन कार्यालयातूनच आणावे लागते. पांढुर्ण्यात वा छिंदवाड्यात खेटे घालून उपयोग नाही. मालकी बदलण्यासाठी नमुने २९ व ३०, गोव्याचा क्रमांक घेण्यासाठी नमुना २७, जुने कर्ज फिटले असल्यास ते नोंदीतून काढण्यासाठी नमुना ३५. गोव्यात पुन्हा रस्ताकर भरावा लागेल, तो किमतीत धरावा. नोंदणीची मुदत आधीच संपलेली असेल, तर नूतनीकरणासाठी गाडी तपासणीला उभी करावी लागते, म्हणून दुरुस्ती आधी आणि अर्ज नंतर. तोवर विमा व प्रदूषण प्रमाणपत्रही संपलेलेच असणार. तेव्हा ती चालवत आणण्याचा मोह टाळून सपाट ट्रकवर चढवूनच सौंसरहून हलवावी, आणि चढविण्यापूर्वी चेसिस क्रमांकाची पेन्सिल छाप मालकासमोर घेऊन ठेवावी.