गोंड लोकसंगीत

सातपुडा व मैकल पर्वतरांगा, तसेच गडचिरोली-बस्तरचा अरण्यमय डोंगराळ प्रदेश यांतील गोंड जमातींचे परंपरागत संगीत. परधान गायकांचे कथनात्मक गायन व गावकऱ्यांचे सामूहिक नृत्यगायन असे त्याचे स्थूलमानाने दोन प्रवाह आहेत.

परधान हे गोंडांचे परंपरागत भाट होत. किंगरी ह्या गजाने वाजवावयाच्या तंतुवाद्याच्या साथीवर ते देवतांच्या व पूर्वजांच्या कथा गातात आणि यजमान कुळांकडून दान स्वीकारतात. असेच एक गायन, लिंगोची कथा, नागपूर येथील मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांनी मिळविले. त्यांच्या मृत्यूनंतर (१८६३) रिचर्ड टेंपल यांनी संपादिलेल्या त्यांच्या कागदपत्रांत (१८६६) ते मूळ गोंडी पाठ व भाषांतर यांसह प्रसिद्ध झाले. त्यामुळे कथा टिकली. मात्र तिची चाल व किंगरीचे स्वर लेखनात उतरू शकले नाहीत.

नृत्यगायनात मैकल भागातील करमा व सैला, तर मुरिया-माडिया भागातील रेलो गीते प्रसिद्ध आहेत. मुरियांची गीते गोटुलाच्या, म्हणजे युवागृहाच्या, जीवनाशी निगडित होती. व्हेरिअर एल्विन यांनी त्या संस्थेचे सविस्तर वर्णन केले आहे (१९४७). शामराव हिवाळे यांच्यासह त्यांनी मैकल भागातील लोकगीतांचा इंग्रजी अनुवादही प्रसिद्ध केला (१९४४). दंडामी मारियांच्या नृत्यात पुरुष गव्याच्या शिंगांचा शिरोभूषण घालून मोठे ढोल वाजवितात व स्त्रिया काठ्या जमिनीवर आपटून ताल धरतात. हवेत फिरवून वाजवावयाची बांबूची बासरी हे बस्तरमधील वैशिष्ट्यपूर्ण वाद्य होय.

ह्या संगीताचा नाद दूरच्या श्रोत्यांपर्यंत ध्वनिमुद्रणामुळे पोहोचला. रॉडरिक नाइट यांनी मुद्रित केलेल्या मुरिया व मारिया संगीताची तबकडी न्यूयॉर्कच्या फोकवेज संस्थेने १९८३ मध्ये काढली. १९८७ मध्ये फोकवेजचा संग्रह स्मिथसोनियन संस्थेकडे गेला. अशा तबकडीच्या एका बाजूस सु. २०–२५ मिनिटांचेच मुद्रण मावते. साहजिकच रात्रभर चालणाऱ्या गायनाचा केवळ एक अंश निवडावा लागतो. लेखनात हरवलेला नाद येथे ऐकू येतो. पण नर्तकांचे वर्तुळ, प्रसंग व विधी वगळले जातात.

तबकडीमुळे गीत जतन होते. गायक मात्र घडत नाही. परधानांची विद्या यजमान कुळांशी असलेल्या नात्यावर पोसली जाते. ते नाते सैल झाले, की दीर्घ कथा मुखोद्गत करण्याचे प्रयोजनच उरत नाही. म्हणून मुद्रणाबरोबरच गायक, प्रसंग, वाद्य व मूळ गोंडी शब्द यांची नोंद आवश्यक ठरते.